मुलांचे संरक्षण : शासनाचा पहारा आणि पालकांचे कर्तव्य

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त हातकणंगले येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवी वर्षात दोन शब्द बोलण्याची संधी विश्वस्तांनी मला दिली, याबद्दल प्रथम त्यांचे मनःपूर्वक आभार मानतो. मी व्यवसायाने कापड दुकानदार आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि पुढचे सारे आयुष्य मीटरपट्टी, कात्री आणि खतावणी यांच्या सोबतीत गेले. मी कायदेपंडित नाही आणि संगणकतज्ज्ञही नाही. तरीही आज जो विषय मी निवडला आहे तो प्रत्येक घराच्या उंबऱ्याच्या आतला असल्यामुळे त्यावर एका सामान्य गृहस्थाने बोलणे अनुचित ठरू नये, असे मला वाटते.

विषय असा आहे. इंटरनेटवर केवळ प्रौढांसाठी म्हणून जी संकेतस्थळे आहेत, स्पष्टच बोलायचे तर अश्लील चित्रफितींची जी दुकाने आहेत, ती अल्पवयीन मुलांच्या हाती लागू नयेत यासाठी शासनाने प्रत्येक पाहणाऱ्याचे वय तपासावे काय? त्यासाठी ओळखपत्र मागावे काय? की ही जबाबदारी सर्वस्वी आईवडिलांची मानावी? आणि ओळखपत्र मागितलेच तर सज्ञान नागरिकाच्या खासगी आयुष्याचे काय होणार?

अशा विषयावर सभेत बोलताना संकोच वाटतो हे मी मान्य करतो. पण हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका आक्षेपार्ह कार्यक्रमासंबंधीच्या याचिकांची सुनावणी चालू असताना सरन्यायाधीश सूर्य कांत यांच्या खंडपीठाने उदाहरणादाखल असे सुचवले की, असा मजकूर दाखवण्यापूर्वी आधारसारख्या ओळखपत्रावरून पाहणाऱ्याचे वय पडताळता येईल. हा आदेश नव्हता, केवळ सूचना होती. परंतु ज्या सूचनेचा परिणाम कोट्यवधी कुटुंबांवर होऊ शकतो तिचा विचार समाजानेही वेळेवर केला पाहिजे.

प्रश्न जुना, साधन नवे

मुलांना अयोग्य गोष्टींपासून दूर ठेवण्याचा प्रश्न आपल्या पिढीला अपरिचित नाही. एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर पिवळी पुस्तके कोपऱ्यात झाकून ठेवलेली असत. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने काही चित्रपटांना केवळ प्रौढांसाठीचे, म्हणजे ‘ए’ प्रमाणपत्र मिळे आणि थिएटरच्या दारावरचा डोअरकीपर मिसरूड न फुटलेल्या मुलाला परत पाठवी. पुढे १९८० च्या दशकात पडद्याआड चालणारी व्हिडिओ सेंटरे आली आणि त्यानंतर सायबर कॅफे आले.

सायबर कॅफेच्या काळात महाराष्ट्रात घडलेली एक गोष्ट आज मुद्दाम आठवावी अशी आहे. २००१ साली दोघा नागरिकांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहून, मुले इंटरनेटवर अश्लील संकेतस्थळे सहज पाहू शकतात अशी तक्रार केली. न्यायालयाने ते पत्रच जनहित याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि उपाय सुचवण्यासाठी त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात एक समिती नेमली. समितीने जानेवारी २००२ मध्ये अहवाल दिला. कॅफेत येणाऱ्याकडे छायाचित्र असलेले ओळखपत्र मागावे आणि मुलांना आडोशाच्या खोलीत न बसवता उघड्या जागेतील संगणक द्यावेत, अशा शिफारशी त्यात होत्या. म्हणजे इंटरनेटवर वय आणि ओळख तपासण्याचा विचार महाराष्ट्रात जवळपास पाव शतकापूर्वी झालेला आहे.

पुढे २०११ मध्ये केंद्र शासनाने सायबर कॅफेंसाठी देशभर लागू होणारे नियम केले. ग्राहकाची ओळख पटवावी, वापराची नोंद किमान एक वर्ष जपावी, आडोशाच्या फळ्यांची उंची साडेचार फुटांपेक्षा अधिक नसावी, संगणकाचा पडदा मोकळ्या जागेकडे असावा, पालक सोबत असल्याखेरीज अल्पवयीन मुलाला आडोशाच्या जागी बसू देऊ नये, अशी त्यातील कलमे होती. नियम विचारपूर्वक केलेले होते. पण ते पुरेसे रुजण्यापूर्वीच सायबर कॅफे हा धंदाच ओसरला आणि त्या साडेचार फुटांच्या आडोशाची जागा खिशात मावणाऱ्या फोनने घेतली. फोनचा पडदा कोणत्या दिशेला असावा हे कोणता नियम सांगणार?

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ज्या घरात मोबाईलला हात लावायला मुलांना बंदी होती त्याच घरात अभ्यासासाठी मोबाईल विकत घ्यावा लागला. ‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीपूर्वीच्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी उपयोग केलेली मुले सुमारे ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी केलेली सुमारे ७६ टक्के होती. हे आकडे ग्रामीण भागाचे, म्हणजे आपल्या आळते, कुंभोज, हेर्ले यांसारख्या गावांचे चित्र दाखवणारे आहेत. ही केवळ मुंबई-पुण्याची गोष्ट आहे या भ्रमात कोणी राहू नये.

बंदीचा अनुभव

आजवर शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ आणि ६७-अ या कलमांनी अश्लील मजकूर प्रसारित करणे हा गुन्हा ठरवला आहे. ६७-ब हे कलम लहान मुलांचे लैंगिक शोषण दाखवणाऱ्या चित्रणासंबंधी असून तेथे असे चित्रण शोधणे व उतरवून घेणे हादेखील गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोक्सो कायद्याचा अर्थ लावताना या बाबतीत अधिक कठोर भूमिका घेतली. अशा चित्रणाला नुसते अश्लील चित्र न म्हणता शोषण आणि अत्याचाराचे चित्रण म्हणावे, असेही न्यायालयाने सुचवले. हा शब्दबदल मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या चित्रामागे एका बालकाचे प्रत्यक्ष दुःख आहे त्याच्या बाबतीत खासगीपणाचा कोणताही युक्तिवाद टिकत नाही आणि टिकूही नये. माझे पुढील सर्व विवेचन सज्ञान व्यक्तींच्या चित्रणापुरते आहे हे कृपया ध्यानात ठेवावे.

सरसकट बंदीचाही प्रयोग झालेला आहे. इंदूरच्या एका वकिलांनी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अशी सर्व संकेतस्थळे बंद करण्याची याचिका केली होती. जुलै २०१५ मध्ये तिच्या सुनावणीत तत्कालीन सरन्यायाधीश एच. एल. दत्तू यांनी असा प्रश्न उपस्थित केला की, एखादा सज्ञान माणूस आपल्या खोलीच्या चार भिंतींच्या आत काय पाहतो त्याला न्यायालय कसे अडवणार? त्याच महिन्याच्या अखेरीस दूरसंचार विभागाने ८५७ संकेतस्थळे बंद करण्यास सांगितले आणि देशभर वाद उसळल्यावर चार-पाच दिवसांत तो आदेश मुख्यतः बालशोषणाच्या चित्रणापुरता मर्यादित केला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पुन्हा ८२७ संकेतस्थळे बंद झाली. पण एक नाव बंद झाले की दोन अक्षरे बदलून तेच दुकान दुसऱ्या नावाने उघडते. बाजारपेठेतील अतिक्रमण हटवणारी गाडी पुढे गेली की मागे पुन्हा पथारी पसरते, तसाच हा प्रकार आहे.

परदेशातील नवे कायदे

बंदीने काम होत नाही हे पाहून इतर देशांनी वय तपासण्याचा मार्ग धरला. ब्रिटनने २०१७ च्या कायद्यात तशी तरतूद केली होती, पण ती अमलात न आणताच २०१९ मध्ये सोडून दिली. पुढे २०२३ मध्ये ऑनलाईन सेफ्टी ॲक्ट संमत झाला आणि २५ जुलै २०२५ पासून अशा संकेतस्थळांना वयाची खात्रीशीर तपासणी बंधनकारक झाली. नियम मोडल्यास १ कोटी ८० लाख पौंड अथवा जगभरातील उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेवढ्यापर्यंत दंड होऊ शकतो. अमेरिकेत लुइझियाना राज्याचा असा कायदा जानेवारी २०२३ पासून लागू झाला, त्यामागून अनेक राज्यांनी तसे कायदे केले आणि जून २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास राज्याचा कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवला. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यासच मनाई केली आहे.

या कायद्यांमागील हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दारू विकणाऱ्याने गिऱ्हाइकाचे वय पाहावे असे आपण म्हणतो, तर हा माल विकणाऱ्याने का पाहू नये? ‘मी अठरा वर्षांचा आहे’ असे लिहिलेल्या चौकोनावर बोट टेकले की दार उघडते ही शुद्ध थट्टा आहे. अकरा वर्षांच्या मुलालाही बोट असतेच. म्हणून विक्रेत्यावर काही जबाबदारी टाकली पाहिजे याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

मात्र अंमलबजावणीनंतर काय घडले तेही पाहावे. ब्रिटनमध्ये नियम लागू होताच आपले ठिकाण लपवणाऱ्या व्हीपीएन ॲप्सची मागणी एकाएकी वाढली. अमेरिकेतील अनेक राज्यांत, तसेच जून २०२५ मध्ये फ्रान्समध्ये, एका अतिशय मोठ्या संकेतस्थळाने तपासणी करण्याऐवजी आपली सेवाच बंद ठेवली. दुकानाने दार लावले तरी गिऱ्हाईक घरी जातेच असे नाही. ते आडगल्लीतल्या, कोणताही कायदा न पाळणाऱ्या दुकानाकडे वळू शकते, आणि तेथे तर वय विचारलेही जात नाही.

डोअरकीपर आणि नोंदवही

आता माझ्या मते या प्रश्नाचा जो गाभा आहे त्याकडे येतो. थिएटरचा डोअरकीपर आपल्या तोंडाकडे पाहत असे, तिकीट फाडत असे आणि आत सोडत असे. आपले नाव, गाव, आडनाव तो लिहून घेत नसे. रात्री शो सुटला की कोण आले, कोण गेले, हे त्याच्या स्मरणातही राहत नसे. वयाची तपासणी होत होती, ओळखीची नोंद होत नव्हती. संगणकावर या दोन गोष्टी फार सहज एक होऊन जातात. आधार क्रमांक किंवा ओळखपत्राचे छायाचित्र दिले की वयासोबत नाव, पत्ता, जन्मतारीख आणि आपण काय पाहिले याची नोंद होण्याची शक्यता निर्माण होते, आणि ती नोंद कोणाकडे, किती वर्षे राहील याची शाश्वती राहत नाही.

मी व्यापारी आहे, म्हणून नोंदवहीची ताकद जाणतो. उधारीच्या खात्यावरून गावातल्या घराची परिस्थिती कळते. कोणाच्या घरी लग्नाचा बस्ता किती रुपयांचा झाला, कोणाची बाकी तीन वर्षे का थकली, कोणी कोणासाठी गुपचूप साडी नेली, हे सारे दुकानदाराला ठाऊक असते. चांगला दुकानदार एका गिऱ्हाइकाचे खाते दुसऱ्यापुढे कधी उघडत नाही. ही रीत कोणत्या कायद्याने शिकवलेली नाही, पण तिच्यावरच पेढीची पत उभी असते. आता ज्या पेढीचा मालक कोण हे माहीत नाही, जिची वही समुद्रापार ठेवलेली आहे आणि जिचा धंदाच लाजिरवाण्या मालाचा आहे, तिच्या हाती आपण आपले ओळखपत्र द्यायचे काय?

ही केवळ कल्पनेतील भीती नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या लोकप्रिय संभाषण-सेवेने जाहीर केले की, बाहेरच्या सेवा-पुरवठादाराकडील माहिती चोरीला जाऊन सुमारे ७० हजार वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे परक्यांच्या हाती गेली असावीत. वयासंबंधीच्या तक्रारींचा निपटारा करण्यासाठीच ती ओळखपत्रे घेतलेली होती. ज्याचे नाव अशा यादीत येईल त्याला धमकावून पैसे उकळणे किती सोपे आहे हे सांगायला नको. आपल्याकडे तर लॉजपासून सिमकार्डाच्या दुकानापर्यंत आधारची झेरॉक्स देण्याची सवय अंगवळणी पडली आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने झेरॉक्स सहजासहजी कोणाला देऊ नये असे पत्रक काढले आणि गोंधळ होताच दोन दिवसांत ते मागे घेतले गेले. सावध राहण्याचा सल्ला मात्र आजही योग्यच आहे.

खासगीपणाचा अधिकार हा काही पाश्चात्त्यांचा चोचला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने तो मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात खासगी कंपन्यांना करारान्वये आधार वापरण्याची मुभा देणारी तरतूद न्यायालयाने रद्द ठरवली. पुढे नियम बदलून शासनाच्या मंजुरीने काही मार्ग खुले झाले असले, तरी त्या निकालाची दिशा विसरता येणार नाही.

आपल्या घरातील फोन

आणखी एक अडचण आहे, ती दिल्लीतून सहसा दिसत नाही, हातकणंगल्यातून दिसते. आपल्याकडील अनेक घरांत फोन एक आणि वापरणारे चार असतात. सिमकार्ड वडिलांच्या नावावर, आधार जोडलेले वडिलांचे आणि संध्याकाळी फोन मुलाच्या हातात. अशा घरी यंत्राने वय तपासले तर ते वडिलांचे तपासले जाईल, उत्तर ‘सज्ञान’ असे येईल आणि पुढचे सारे मूल पाहील. शिवाय नोंद होईल ती वडिलांच्या नावाने! ज्या मुलासाठी पहारा बसवला तो आत आणि ज्याने काही केले नाही त्याचे नाव वहीत, अशी अवस्था होईल.

पालकांच्या संमतीचेही तसेच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घ्यावयाची आहे आणि मुलांसंबंधीच्या या कर्तव्यांत कसूर झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ही कलमे टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. कायदा स्वागतार्ह आहे. पण किती घरांत वडिलांच्या फोनवर आलेला ओटीपी मुलगाच वाचून दाखवतो, याचा आपण सर्वांनी मनाशी विचार करावा. मुलाने मागितलेली परवानगी मुलानेच द्यायची, असे ते होईल.

‘अश्लील’ कोणी ठरवायचे?

वय तपासण्याची सक्ती करायची म्हटले की कोणता मजकूर त्या दाराआड ठेवायचा हेही शासनालाच ठरवावे लागते. येथे महाराष्ट्राचा इतिहास आपल्याला सावध करतो. महर्षी कर्वे यांचे सुपुत्र र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ ही सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. वाचकांनी विचारलेल्या शंकांना दिलेली उत्तरे हा त्या खटल्याचा विषय होता. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. आज त्याच प्रकारची माहिती शासनाच्या कुटुंबकल्याण केंद्रातील भिंतीवर लावलेली असते. कर्व्यांचे सर्व विचार आपल्याला पटले पाहिजेत असे नाही, मलाही पटत नाहीत. परंतु वयात येणाऱ्या मुलीला स्वतःच्या शरीराविषयी माहिती हवी असेल, तर तिला ओळखपत्राशिवाय ती मिळाली पाहिजे. दार नको तेवढे रुंद केले की चांगले पुस्तकही आत अडकते.

शासनाकडून अपेक्षा

‘मुलांकडे आईवडिलांनीच पाहावे, शासनाने यात पडू नये’ असे म्हणणाऱ्यांचाही एक पक्ष आहे. त्यांचे म्हणणे ऐकायला बरे वाटते. पण इचलकरंजीच्या यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या बापाने आणि दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या आईने कोणत्या वेळी मुलाच्या फोनवर लक्ष ठेवायचे? ज्यांना फोनमधील मराठी अक्षरेही नीट वाचता येत नाहीत त्यांनी त्यातील बंधने कशी घालायची? सुशिक्षित, सवडीच्या घरातील मूल तेवढे सुरक्षित राहावे आणि कष्टकऱ्याचे मूल उघड्यावर पडावे, ही विभागणी कोणत्याही समाजाला शोभणारी नाही. म्हणून शासनाला हात झटकता येणार नाहीत. त्याने काय करावे याविषयी माझ्या अल्पमतीप्रमाणे चार सूचना मांडतो.

पहिली, जबाबदारी विक्रेत्यावर टाकावी, पाहणाऱ्यावर नव्हे. आक्षेपार्ह माल विकून पैसा मिळवणाऱ्या मोठ्या कंपन्यांवर दंडाची टांगती तलवार असावी. घरात बसलेल्या नागरिकाला गुन्हेगार ठरवू नये.

दुसरी, वय तपासायचेच असेल तर ‘अठरा पूर्ण, होय किंवा नाही’ एवढेच उत्तर संकेतस्थळाला मिळावे. नाव, क्रमांक, जन्मतारीख काहीही जाऊ नये. तसेच उत्तर देणाऱ्या यंत्रणेला ते उत्तर कोणत्या संकेतस्थळाने मागितले हे कळू नये. निवडक माहितीच दाखवण्याची सोय आधारच्या २०२५ मधील नव्या ॲपमध्ये आलेली आहे, म्हणजे तंत्र अशक्य नाही. पण वरील दोन्ही अटी पाळल्या जातात हे स्वतंत्र संस्थेने तपासेपर्यंत कोणतीही सक्ती करू नये आणि तपासणीनंतर नोंद पुसणे कायद्याने बंधनकारक असावे.

तिसरी, मुलासाठी म्हणून विकला जाणारा किंवा मुलाच्या हाती दिला जाणारा फोन सुरुवातीपासूनच बंधनांसह वापरता यावा. ती बंधने मराठीत, दोन-तीन पायऱ्यांत, चौथी शिकलेल्या आईलाही लावता येतील अशी असावीत. कुलूप रस्त्यावर न लावता घरात लावले तर इतरांचे ओळखपत्र मागण्याची गरज फार कमी होते. २०२१ च्या नियमांनी ओटीटी मंचांना तेरा वर्षे व त्यापुढील श्रेणीच्या कार्यक्रमांसाठी पालक-कुलपाची सोय ठेवण्यास सांगितलेच आहे. ते तत्त्व फोनपर्यंत न्यावे.

चौथी, शाळेत वयानुरूप शरीरशिक्षण द्यावे. २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज प्रतिपादन केली आहे. जे शिक्षक सांगत नाहीत आणि आईवडील सांगत नाहीत, ते मूल त्या चित्रफितींतून शिकते, आणि तेथे शिकलेले सारे खोटे असते.

पालकांचे कर्तव्य

आता आपल्याकडे वळू. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तेथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून ग्रामस्थांनी एक नियम सुरू केला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो, घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, मुले अभ्यासाला बसतात आणि साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की तो वेळ संपतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बान्सी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदी करण्याचा ठराव केला आणि दंडाचीही योजना ठेवली.

या दोन गावांच्या मार्गांत मोठा फरक आहे. बान्सीचा नियम फक्त मुलांसाठी होता. वडगावचा नियम आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांना सारखा लागू होतो. बाप स्वतः फोन खाली ठेवतो म्हणून मूलही ठेवते. लादलेल्या बंदीची मुदत पहारेकरी डोळ्याआड होईपर्यंत असते. स्वतः घेतलेला नियम अंधारातही पाळला जातो, हे संयमाची शिकवण ज्यांना परंपरेने मिळाली त्या आपल्यासारख्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. वडगावचा भोंगा अश्लील संकेतस्थळे बंद करत नाही हे खरे, पण घरात दीड तास एकमेकांशी बोलण्याची जागा तो निर्माण करतो आणि हा प्रश्न शेवटी त्या बोलण्यातच सुटतो.

म्हणून आपल्या घरी करता येण्याजोग्या काही साध्या गोष्टी सांगतो. रात्री झोपताना घरातील सर्व फोन, आपलेही, बैठकीच्या खोलीत एका जागी चार्जिंगला ठेवावेत. सातवी-आठवीपर्यंत मुलाला स्वतंत्र फोन देऊ नये. दिला तर त्यातील पालक-नियंत्रण कोणा जाणत्याकडून आधीच सुरू करून घ्यावे. आपला ओटीपी आणि पासवर्ड मुलाच्या हाती देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलाने काही पाहिले असे कळले तर आरडाओरडा, मारहाण किंवा चारचौघांत पाणउतारा करू नये. बहुतेक वेळा ते दृश्य मुलाने शोधलेले नसते, एखाद्या मित्राने पाठवलेले किंवा खेळाच्या जाहिरातीतून उघडलेले असते. ज्या मुलाला घरी खरे सांगितल्यावर मार मिळतो ते पुढच्या वेळी सांगत नाही. उद्या कोणी त्याचे किंवा तिचे छायाचित्र वापरून धमकावले तरी ते सांगणार नाही, आणि खरा अनर्थ तेथून सुरू होतो. मुलाच्याही खासगीपणाला काही मान आहे. वयानुसार देखरेख कमी करत जाणे आणि विश्वास वाढवत जाणे हे पालकत्वाचेच अंग आहे. पंधरा वर्षांच्या मुलीचा प्रत्येक संदेश चोरून वाचणारा बाप तिला सुरक्षित करत नाही, तो तिला लपवायला शिकवतो.

प्रसंग ओढवलाच तर १०९८ हा बालकांच्या मदतीचा आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असावा. बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्यावे. ‘घराण्याची अब्रू’ हे कारण कायद्यापुढेही चालत नाही आणि नीतीपुढेही चालू नये.

विश्वस्त मंडळाला एक नम्र विनंती करून थांबतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त आपण अनेक उपक्रम हाती घेतले आहेत. त्यांत दर तीन महिन्यांनी एका रविवारी, जातिधर्माचा भेद न करता तालुक्यातील सर्व पालकांसाठी, फोनमधील ही बंधने प्रत्यक्ष लावून देण्याचा वर्ग घ्यावा. महाविद्यालयीन मुले-मुलींनी शिकवावे आणि आम्ही वडीलधाऱ्यांनी बाकावर बसून शिकावे. दिल्लीत कायदा कोणता होईल तो होवो, हे काम हातकणंगल्यात पुढच्या महिन्यापासून सुरू होऊ शकते. पहिल्या वर्गासाठी लागणारा खर्च उचलण्याची माझी तयारी आहे.